करडू चीक पीत नाही, लवकर सांगा

पडवीतून (सकाळी ६.४०)
शेळी पहाटे साडेतीनला व्याली. दोन करडं. बोकड उठून पितोय, पाट (मादी) मात्र पीत नाही. सड तोंडात दिला की जिभेने बाहेर ढकलते, मान टाकून पडली आहे. बाटलीने पाजू का? काय पाजू? डॉक्टरांचा फोन लागत नाही. मी फोन हातात घेऊनच बसले आहे, लवकर सांगा.

गोठ्यावरची (६.५२)
चीक किती गेला पोटात? अंग कोरडं आहे की ओलं? तोंडात बोट घालून बघ, आत गरम लागतं की गार? शेळीच्या दोन्ही सडांतून धार येते का? वजन अंदाजे किती?

पडवीतून (६.५८)
पीतच नाही म्हटल्यावर चीक कुठून जाणार? कास भरलेली आहे, दुधाचा प्रश्न नाही. उपाय सांगा ना.

तिठा (७.०१)
चमचाभर ब्रँडी कोमट पाण्यातून द्या. वीस वर्षं देतोय. पाच मिनिटांत उठतं.

खळ्यातला (७.०४)
शेळीची जात कोणती, कोकण कन्याळ की उस्मानाबादी? मुळात भर पावसात वीत येऊच द्यायची नसते. शेळी १५० दिवसांनी विते. जूनच्या मध्याला बोकडाकडे नेऊन भरवली की नोव्हेंबरच्या मध्याला पिल्लं येतात, हवा कोरडी असते. नियोजन करा.

पडवीतून (७.०६)
दादा, पिल्लू आत्ता मरायला लागलंय. नियोजनाचं नंतर बोलू.

गोठ्यावरची (७.०८)
ब्रँडी अजिबात नको. दारूने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि आतली उरलीसुरली ऊब बाहेर जाते. माझ्या प्रश्नांची उत्तरं दे.

तिठा (७.१०)
आमची किती पिल्लं वाचली ती काय अशीच?

आंबोळी (७.१२)
ती दारूने वाचली की तुम्ही त्यांना चुलीपाशी घेऊन बसलात म्हणून, हे कसं ठरवणार भाऊ?

पडवीतून (७.१९)
तोंडात बोट घातलं. गार आहे, ओढत नाही. व्याल्यावर गोणपाटाने पुसली होती, पण कौलातून गळतं त्या कोपऱ्यात जाऊन पडली आणि ते आमच्या लक्षात उजाडल्यावर आलं. पाठ ओली आहे. आणि एक राहिलं. पाच वाजता आईने पिशवीच्या दुधात गूळपाणी घालून चमच्याने दिलं, मांडीवर उताणं धरून. थोडं नाकातून बाहेर आलं.

गोठ्यावरची (७.२२)
हे आधी सांगायचं होतंस. आता तोंडाने एक थेंबसुद्धा देऊ नको. घरातला ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर घे, टोकाला खोबरेल लाव, शेपटीखाली हळूच घाल. आकडा सांग.

पडवीतून (७.२९)
९७.४.

गोठ्यावरची (७.३३)
करडाचं अंग १०१ ते १०३ असायला हवं. तुझी पाट गारठली आहे म्हणून पीत नाही, हट्टाने नाही. गारठलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही, दूध पोटात तसंच पडून राहतं. गिळताही येत नाही, म्हणून फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग चीक. हा क्रम चुकला की पिल्लू जातं. माझं असंच एक गेलंय, म्हणून एवढं तोडून बोलतेय.

घड्याळ बघ. साडेतीनला जन्मली, म्हणजे चार तास झाले. पाच तास उलटून गेले आणि मान उचलत नसेल तर अंगातली साखर संपलेली असते. मग नुसती ऊब दिली तर झटके येऊ शकतात, आधी डॉक्टरांनी पोटात ग्लुकोजचं इंजेक्शन द्यावं लागतं. तेव्हा एकाने आत्ता १९६२ ला फोन लावा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा नंबर आहे तो, फोनला पैसे पडत नाहीत. दुसऱ्याने न्हाणीत पाणी काढा, कोपर बुडवलं तर सोसवेल इतकंच गरम. पाट प्लास्टिकच्या पिशवीत घाला, डोकं बाहेर, आणि मानेपर्यंत बादलीत धरा. पिशवीमुळे अंग भिजत नाही. पाणी निवलं की बदला. मग कोरडं पुसून पेंढ्यात ठेवा, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून.

मांगर (७.३६)
तेका आदी ऊब दी, मगे पाज. माजी आजी हाच सांगायची. थंड पोटात दूध जिरना नाय.

खळ्यातला (७.४०)
एवढं करण्यापेक्षा नाकातोंडातून नळी घालून थेट पोटात चीक सोडा. दोन मिनिटांचं काम.

आंबोळी (७.४३)
ज्याने कधी नळी घातली नाही त्याला हे सांगू नका. नळी श्वासनलिकेत गेली तर खेळ संपला. आणि अंग ९७ इतकं गार असताना नळीनेसुद्धा द्यायचं नसतं.

ताई, पाट गरम होतेय तोवर चीक काढून ठेवा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या. सडाच्या तोंडाशी मेणासारखी गुठळी असते, तीमुळे कास भरलेली दिसते पण अशक्त पिल्लाला ओढवत नाही. वजन दोन किलो धरलं तर पहिल्या दिवसात किमान २०० मिली चीक जायला हवा, ४०-५० मिली करत. त्यातला जमेल तेवढा जास्त पहिल्या सहा तासांतच. आईच्या पोटात असताना करडाला रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही, ती सगळी चिकातून येते, आणि आतड्यातून ती रक्तात घ्यायची वाट दिवसभरात बंद होते. म्हणून दूध आणि गूळपाणी चिकाच्या जागी चालत नाही.

सोलकढी (७.५१)
शेळीच्या चिकाचा खरवस होतो का हो? आमच्याकडे गाईचाच होतो, वेलची-जायफळ घालून.

आंबोळी (७.५५)
होत असेल, पण हा करडांचा आहे. उरला तर लहान बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवावा, पुढच्या विताला उपयोगी पडतो. वितळवताना कोमट पाण्यात बाटली ठेवायची, चुलीवर नाही. तापवला की खरवसासारखा घट्ट होतो आणि त्यातलं औषधही जातं.

पडवीतून (८.२४)
१००.८! बोट ओढतेय!! १९६२ लागला, गाडी दुसऱ्या गावात आहे, येतील म्हणाले. कसं पाजू?

गोठ्यावरची (८.२६)
चार पायांवर उभी धर, गुडघ्यांत पकडून. तोंड सडाला लागतं तेवढंच वर. माणसाच्या बाळासारखी उताणी नको. चीक अंगाइतका गरम हवा. ४० मिलीवर थांब, तासा-दोन तासांनी पुन्हा.

पडवीतून (दुपारी १२.१५)
पाचदा मिळून १६० मिली गेलं. मघाशी डॉक्टर येऊन गेले. नाकातून दूध आलं होतं म्हणून छाती तपासली, इंजेक्शन दिलं आणि उद्याही ताप बघायला सांगितलं. नाळेला टिंक्चर आयोडीन लावलं. शेळी मात्र पाटीला जवळ घेत नाही, हुंगते आणि ढुशी मारते.

तिठा (१२.४०)
वाचली हे बरं झालं. शेळीला आखूड बांधा, एकाने डोकं धरा, पाट कासेला लावा, दिवसातून चार-पाच वेळा. तिचाच चीक पाटीच्या पाठीवर आणि शेपटीखाली चोळा. दोन-तीन दिवसांत घेते बहुतेक.

पडवीतून (दुसऱ्या दिवशी सकाळी ७.१०)
ताप १०२.२. रात्री दोनला आईने उठून पाजलं तेव्हा शेपटी हलवत प्यायली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, कालपासून गूळपाण्याचंच मनाला लावून घेतलं होतं तिने. आज शेळीने धरून का होईना, दोनदा पाजलं. पण पाटीची शी पिवळी आणि गोंदासारखी चिकट आहे, शेपटी खाली चिकटून बसली आहे. हगवण आहे का?

गोठ्यावरची (७.१४)
नाही, चिकाची शी तशीच असते. काल काळी होती ना आधी? फक्त वाट बंद होऊ देऊ नको. कोमट पाण्याच्या फडक्याने भिजवून सोडव, ओढू नको, मग खोबरेल लाव. पातळ पाण्यासारखी झाली तर लगेच लिही. आणि आईला सांग, तिनेच रात्री उठून पाजलंय.