दुःखाच्या काळात पवित्र शास्त्रातील काय वाचावे?

प्रश्न: पाच महिन्यांपूर्वी नोकरी गेली आणि पाठोपाठ वडील वारले. तेव्हापासून बायबल उघडले तरी ओळींवरून नुसती नजर फिरते. आनंदाची वचने तर बोचतात. अशा वेळी काय वाचावे?

उत्तर १: आनंदाची वचने सध्या बाजूला ठेवावीत, असे माझे मत आहे. स्तोत्रसंहिता या बायबलमधील प्रार्थनागीतांच्या पुस्तकातील १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ‘किती काळ’ हा प्रश्न चार वेळा येतो आणि ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ती गाऱ्हाणी प्रार्थना म्हणूनच शास्त्रात राहिली आहेत.

उत्तर २: बायबलमधील ‘१ राजे’ या पुस्तकाचा अध्याय १९ वाचावा. जीव नकोसा झालेला संदेष्टा एलीया झुडपाखाली झोपतो, तेव्हा देवदूत उपदेश न करता त्याला उठवून खायला सांगतो, आणि उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर व पाण्याचे भांडे असते. तो खाऊन पुन्हा झोपतो, तरी देवदूत रागावत नाही. (खचलेल्या माणसाला वचने ऐकवत सुटणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवायला हवे.)

प्रश्नकर्ता: काल रात्री ८८वे स्तोत्र मोठ्याने वाचले. शेवटच्या वचनाशी आवाज बसला, परंतु बऱ्याच दिवसांनी एक अध्याय पूर्ण झाला.