‘बसून खाणारे’ जिल्हे

पिंपरीकर
आर्थिक पाहणीतला जिल्हावार दरडोई उत्पन्नाचा नकाशा डोळे उघडून बघा. मुंबई, ठाणे, पुणे गडद. नंदुरबार, वाशिम, गडचिरोली फिके. चार-पाच जिल्हे कमावतात, बाकीचे बसून खातात. आमचा कर आमच्याच रस्त्यांवर खर्च करा.

बीडचा मास्तर
असलं रोज वाचून सोडून देतो, पण ‘बसून खातात’ वाचलं आणि डोकं सणकलं.

दिवाळी आली की माझ्या वर्गाचा पट रिकामा व्हायला लागतो. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) पावसाळ्यातच घेतलेली असते, ती फेडायला नवराबायकोचा एक कोयता निघतो. ट्रॉलीत भांडी, बाजलं, शेळी, वर पोरं. चौथीतली एक पोरगी निघताना वह्या घेऊन आली, म्हणाली, “सर, फडात भिजतील, तुमच्याकडंच ठिवा.” आता साखर पडते कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यात, म्हणून नकाशात गडद तो जिल्हा. ज्यानं ऊस तोडला तो मोजला जातो बीडच्या डोक्यांत! उत्पन्न जिथं निर्माण झालं तिथं मांडतात आणि भागतात तिथल्या लोकसंख्येनं. कोण किती राबलं याचा हिशोब त्यात नसतो.

रस्त्यांचं म्हणाल, तर अहिल्यानगर-बीड-परळी रेल्वे १९९५ ला मंजूर झाली आणि बीडला गाडी यायला २०२५ उजाडलं. जिल्ह्यांच्या विकासातली तूट मोजणाऱ्या दांडेकर समितीनं १९८४ मध्ये राज्यभरचा ३,१८६ कोटींचा अनुशेष काढला होता. तो न झालेल्या सिंचनाचा, न झालेल्या रस्त्यांचा होता, आळसाचा नव्हे.

पिंपरीकर
पोरीचं वाईट वाटलं, पण गोष्टी सांगून आकडे बदलत नाहीत. शंकरराव चव्हाण, निलंगेकर, विलासराव, अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री मराठवाड्यानं दिले. त्यांना विचारा ना! आणि २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली होत्या. हाही अनुशेष का?

बीडचा मास्तर
८०७ ची लाज वाटते. त्याचं समर्थन करणार नाही. पण तुमच्याच पुणे जिल्ह्यातल्या डोंगराळ वेल्हे तालुक्यात (आता राजगड) जाऊन या एकदा. हिंजवडीचा पगार तिथल्या म्हाताऱ्याच्या नावावरही भागिला जातो, त्याला कळतसुद्धा नाही की तो गडद जिल्ह्यात राहतो.

लांज्याचा चाकरमानी
मुलींचा विषय निघालाच आहे तर रत्नागिरीकडून शिका. हजार पुरुषांमागे ११२२ बायका, सिंधुदुर्गात १०३६. अनुशेषासाठी आम्ही कधी रडलो नाही.

राजापूरची
अहो चाकरमानी, मिरवताय काय? पुरुष सगळे मुंबईला, म्हणून बायका जास्त! २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. मागच्या पावसात आमच्या वाडीचा साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) गेला, तेव्हा श्रमदानाला आम्ही बायका आणि सत्तरीतले एक आप्पा. शिवाय आमदार सात होते, २००९ पासून पाच. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघच पुसले गेले. आणि रडायला जागा होती कुठे? मागास भागांच्या विकासासाठी वैधानिक मंडळं झाली तेव्हा कोकणाला ‘उर्वरित महाराष्ट्रा’त टाकून साखरसम्राटांच्या पंक्तीला बसवलं.

लांज्याचा चाकरमानी
लोकसंख्या घटली म्हणजे मागास? मुंबई शहर जिल्हाही त्याच दहा वर्षांत ३३.३८ लाखांवरून ३०.८५ वर आला. तोही ओसाड म्हणणार का?

राजापूरची
गिरण्यांच्या जागी टॉवर आले, तुमच्यासारख्यांना लालबाग-परळमधून डोंबिवली-विरारला जावं लागलं, म्हणून घटला. दोन्हीकडून कमी झालेली माणसं तीच, तुम्ही!

लांज्याचा चाकरमानी
आमच्या पैशांवर गाव चालतं हे विसरू नका. घर बांधलं, देवळाला वर्गणी दिली.

राजापूरची
चिऱ्याचं घर बांधलंत आणि कुलूप लावलंत. मत डोंबिवलीत. गणपतीत पाच दिवस येऊन ‘रेंज नाही’ म्हणून सरपंचाला शिव्या.

लांज्याचा चाकरमानी
ताई, जीभ आवरा. गावात राहून करू काय? आंबा-काजूचे चार महिने, पुढे? परसात भेंडी लावली तर वानरं ठेवत नाहीत. माझ्या बापानं नाचणी सोडली ती त्यांच्यापायी. वनखात्यात अर्ज दिला, तर साहेब म्हणाले फटाके वाजवा.

चंद्रपूरवाला
राजेहो, तुम्हाले वानरं, आम्हाले वाघ. २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र आमच्या उरावर, राख आमच्या छतावर आन् दिवे पिंपरीत. वैधानिक मंडळं तरी होती १९९४ पासून, २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचीही मुदत संपली.

पिंपरीकर
बरं, ‘बसून खातात’ मागे घेतो. ‘उभ्यानं खातात’ चालेल? मास्तरांचा भागाकाराचा मुद्दा तेवढा मान्य, पण करावर अजून कुणी बोललेलं नाही. विषय जिल्ह्यांचा होता, वानरांवर कुठून आलात?

राजापूरची
दरडोई काढताना वानरंही धरा. वाडीत डोकी त्यांचीच जास्त आहेत.

लांज्याचा चाकरमानी
यावर मात्र ताईंशी सहमत. घराला कुलूप मात्र राहणारच.