बिघडलं की वाढलं? मुलांच्या मनाच्या वाढीचे तुमचे अनुभव

आठ-नऊ महिन्यांपर्यंत कोणाच्याही कडेवर हसत जाणारं बाळ एकाएकी आईला चिकटतं. ती दाराआड गेली की घर डोक्यावर घेतं. "लाडावलंय" असं मग घरोघर ऐकू येतं. खरं तर याच सुमारास त्याला उमगू लागतं की दिसेनासं झालेलं माणूस कुठेतरी आहेच. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेने स्वतःच्या तीन मुलांची खेळणी लपवून हे बारकाईने टिपलं होतं. तान्हं बाळ फडक्याखाली गेलेल्या खेळण्याचा शोधच घेत नाही, थोडं मोठं झालं की फडकं ओढून काढतं. आई आहे पण इथे नाही, एवढं समजल्याशिवाय तिच्यासाठी रडणार कसं?

मुलांच्या वागण्याबद्दलच्या पुष्कळशा तक्रारींमागे अशी नवी आलेली समज असते, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही काय पाहिलंत? मुलाचं वय आवर्जून लिहा.

जुळ्यांची आई : दोन वर्षांची असताना दोघी एकमेकींकडे पाठ करून खेळायच्या. एकीने बादली उचलली की दुसरीलाही बादलीच हवी, पण मिळून काही करणं नाही. यांचं पटत नाही म्हणून मी खंतावले होते. शेजारी-शेजारी पण आपापलं खेळणं हा या वयातला नेहमीचा प्रकार आहे. मुलांच्या खेळाचा अभ्यास करणाऱ्या मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच त्याचं वर्णन केलंय. साडेतीन वर्षांच्या सुमारास "तू डॉक्टर, मी पेशंट" सुरू झालं. आता निम्मा वेळ कोणी कोण व्हायचं याच्या वाटाघाटीत जातो, आणि मला वाटतं खरा खेळ तोच आहे.

एक बाबा : लेक साडेचार वर्षांची, मुलगा तीनचा. भिंतीवर निळ्या खडूच्या रेघा, लेकीची बोटं निळी, आणि ती हात पाठीमागे घेऊन म्हणतेय, "मी नाही काढलं." आजीला धक्का बसला. मला मात्र उत्सुकता वाटली, कारण बाबाच्या डोक्यात काय आहे ते माझ्या डोक्यातल्यापेक्षा वेगळं असू शकतं, हे कळल्याखेरीज असं खोटं सुचत नाही. मग एक खेळ केला. आईच्या देखत चेंडू खोक्यात ठेवला. ती बाहेर गेल्यावर पिशवीत हलवला. आता आई कुठे शोधेल? धाकटा लगेच म्हणाला, "पिशवीत!" लेक त्याच्यावरच उखडली, "अरे, तिला कुठे माहितीये? ती खोक्यात बघेल." हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा प्रयोग याच धर्तीचा होता. साधारण चाराच्या आसपास बहुतेक मुलांना हे जमू लागतं. खरं बोलायला शिकवायचंच आहे, पण तिला लबाड ठरवू नका असं मी घरात सगळ्यांना सांगितलं.

आजोबा : पाच वर्षांचा नातू चित्रकोडं लावताना सारखा पुटपुटतो. "हा कोपरा... नाही, उलटा कर... आता बसला." सून त्याला गप्प बस म्हणायची. मी म्हटलं, बोलू दे गं, तो विचार करतोय. मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्की यांचं म्हणणं हेच की हे मोठ्याने बोलणं पुढे मनातल्या मनात जातं. कोडं अवघड असलं की त्याचं पुटपुटणं वाढतं, हे मी स्वतः पाहतोय.

एक आई : धागा छान आहे, पण वेगळी बाजूही मांडते. आमच्या बाळाच्या तोंडचे 'बाबा-दादा'सारखे आवाज वाढायच्या ऐवजी कमी होत गेले. वर्षाचा झाला तरी पाठीमागून हाक मारल्यावर वळत नसे. समोर आलं की मात्र खुदकन हसायचा, त्यामुळे "मुलगे उशिरा बोलतात" हे सगळ्यांना पटायचं. मला पटेना. श्रवणचाचणी करून घेतली तर दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. श्रवणयंत्र लागलं, वाचाउपचार सुरू झाले, आज भरपूर बोलतो. दीड वर्षाचं मूल बोटाने काही दाखवत नसेल, हाकेला ओ देत नसेल, किंवा कुठल्याही वयात आलेले शब्द गेले असतील, तर कृपा करून वाट पाहत बसू नका. डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ती : ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. सगळ्यांनी वाचावं असं आहे.

पाळणाघरातली ताई : आई-बाबा विचारतात, "मी गेल्यावर किती वेळ रडला?" मी ते पाहतेच, पण आई परत आल्यावर मूल काय करतं याकडे माझं जास्त लक्ष असतं. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनीही आई-बाळाच्या नात्याच्या आपल्या अभ्यासात त्या भेटीच्या क्षणाला फार महत्त्व दिलं होतं. एक अडीच वर्षांची मुलगी दिवसभर मजेत असायची आणि संध्याकाळी आई दिसली की बूट भिरकावून हमसून रडायची. आई कानकोंडी व्हायची. मी तिला म्हटलं, दिवसभर आवरून धरलेलं ती तुमच्यापाशी मोकळं करतेय, आधी जवळ घ्या, बूट मग घालू. मुलाची नजर चुकवून सटकू मात्र नका. "मी जाते, झोपून उठलास की येईन" असं सांगा, रडला तरी जा, आणि सांगितलेल्या वेळी या.