कॅपाडोकियातली कोरीव चर्च, पाताळेश्वर बघितलेल्याला काय वेगळं?

कोथरूडकर: मंडळी, ऑक्टोबरात आई-बाबांना घेऊन तुर्कस्तानातल्या कॅपाडोकियाला चाललोय. लहानपणापासून जंगली महाराज रोडवरचं पाताळेश्वर, कार्ला, भाजे सगळं पाहिलंय, मग तिकडची लेणी वेगळी वाटतील का? बाबांचे गुडघे दुखतात.

दगडधोंडे: खूप वेगळी वाटतील! आपला बेसाल्ट म्हणजे थंड झालेला लाव्हा, एकदम कठीण, छिन्नीने इंच इंच लढायचं. तिकडे ज्वालामुखीच्या राखेचा थर दाबून झालेला टफ आहे, तो मऊ असतो आणि कोरल्यावर हवेने वरून कडक होतो, म्हणून तर लोकांनी घरं, धान्याची कोठारं, कबुतरखाने, चर्च सगळं त्यातच कोरलं. आपला कातळ बघून आलेल्या माणसाला हा फरक जास्त भिडतो असं मला मनापासून वाटतं.

भटकी_सदाशिवपेठ: तिथल्या गोरेमे गावाजवळचं ओपन एअर म्युझियम, म्हणजे कोरीव चर्चचा समूह, अजिबात चुकवू नका (१९८५ पासून जागतिक वारसा आहे). त्यातलं कारानलिक किलिसे म्हणजे अंधारं चर्च, तिकीट वेगळं आहे पण काढाच, खिडकी जवळजवळ नाहीच त्यामुळे ऊन लागलं नाही आणि भित्तिचित्रांचे रंग अजून ताजे आहेत, मी तर तिथून हलेचना. काही चर्चमध्ये नुसती लाल रंगाची साधी नक्षी दिसेल, तीही नीट बघा.

दगडधोंडे: आणि काका डेरिनकुयूच्या भुयारी शहरात नकोत, सुमारे ८५ मीटर खोल आहे, वाकून जिने उतरायचे. तुम्ही मात्र जा, आतून बंद करायचे जात्यासारखे गोल दगडी दरवाजे बघायला.

कोथरूडकर: बाबांना वर चहा घेऊन बसवतो मग. खूप आभार!