एडिटिंगच्या पीसीसाठी आय५ की रायझन? दुकानदार एक सांगतोय, मावसभाऊ दुसरंच

खान्देशी_लेन्स:
मंडळी नमस्कार, जळगावला लग्नाच्या फोटो-व्हिडिओची कामं करतो, सीझनच्या आधी नवीन पीसी जोडायचाय. दुकानदाराने कोटेशन दिलंय त्यात इंटेलचा आय५ १४४००एफ प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आहे. मावसभाऊ पुण्यात आयटीत, तो म्हणतो आता इंटेल कोण घेतं, डोळे झाकून एएमडीचा रायझन ५ ७६०० घे. दोघंही आपल्या जागी ठाम आणि मधे माझं डोकं आउट. काम सगळं प्रीमिअरवर, थोडं फोटोशॉप, गेम वगैरे अजिबात नाही. काय घेऊ?

चिपळूणचा_चिपवाला:
मावसभावाचं ऐक. एएमडीचं एएम४ सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) बघ, २०१७ ला पहिले रायझन आले त्यावर आणि २०२४ मधे रायझन ५७००एक्स३डी पण त्याच सॉकेटवर, लोकांनी जुन्याच बी४५० बोर्डावर बायोस (बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट मारून तो बसवलाय. आता ७६०० ज्यावर बसतो त्या एएम५ ला पण २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देणार असं कंपनीनेच सांगितलंय. इंटेलचं १७०० सॉकेट १२, १३, १४ पिढीवर संपलं, पुढच्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरला नवीन सॉकेट म्हणजे नवीन बोर्ड. शिवाय २०२४ चं ते क्रॅशचं प्रकरण विसरलात काय लोकहो, १३व्या-१४व्या पिढीत व्होल्टेज जास्त जाऊन चिपा खराब होत होत्या.

एडिटटेबल:
चिपवाले, ते प्रकरण खरंय पण अर्धंच सांगितलंत. मायक्रोकोड अपडेट (बायोसमधून येणारी दुरुस्ती) त्याच वर्षी ऑगस्टपासून आले आणि इंटेलने जी २ वर्षं वॉरंटी वाढवली त्या यादीत १३६००के पासून वरचे आहेत, १४४०० त्यात नाही. तरी कुठलाही १३-१४ घेतला की पहिल्या दिवशी बायोस अपडेट करायचाच.

आता मुद्द्याचं. लेन्सभाऊ, कॅमेरा कोणता आणि कशात शूट करता ते सांगा आधी, ब्रँड नंतर. १०-बिट ४:२:२ (रंगांची जास्त माहिती ठेवणारं रेकॉर्डिंग) असेल तर सगळं गणित बदलतं.

खान्देशी_लेन्स:
सोनीचा आहे, ४के, १०-बिट ४:२:२. मेनूत फाइल फॉरमॅटला एक्सएव्हीसी एस आणि एचएस असं दोन्ही येतं, मी एचएस ठेवतो कारण कार्डावर जागा कमी खातं. सध्याच्या मशीनवर टाइमलाइन हलतच नाही, प्ले दाबून चहा पिऊन यावं.

एडिटटेबल:
मग तर दोघांचंही ऐकू नका 😄 एचएस म्हणजे एच.२६५ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत), आणि त्यातलं ४:२:२ डिकोड करणारं, म्हणजे उलगडून दाखवणारं हार्डवेअर ३०६० मधे नाही, ४० सिरीजमधे पण नाही, एनव्हिडियाने ते ५० सिरीजला दिलं. रायझन ७६०० च्या आतल्या ग्राफिक्समधे पण नाही. इंटेलच्या इनबिल्ट ग्राफिक्समधे मात्र आहे, क्विक सिंक म्हणतात ते, आणि प्रीमिअर ते वापरतो. पण तुमच्या कोटेशनमधे शेवटी जो एफ लिहिलाय ना, त्याचा अर्थच हा की इनबिल्ट ग्राफिक्स बंद! म्हणजे इंटेल घेऊन ज्याच्यासाठी घ्यायचा तेच सोडून दिलं, थोडे पैसे वाचवायला.

बिनाएफचा १४४०० घ्या, आणि १४५०० मिळाला तर तो आणखी बरा, त्यात यूएचडी ७७० इनबिल्ट ग्राफिक्स येतं ज्यात व्हिडिओ इंजिन दोन आहेत, १४४०० च्या ७३० मधे एकच. ग्राफिक कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड इनबिल्ट आपोआप बंद करतात, ते बायोसमधे जाऊन चालू करायला सांगा जोडणाऱ्याला. आणि एक्सएव्हीसी एस वर जाऊ नका, ते एच.२६४ आहे, त्यातल्या ४:२:२ ला या चिपा मदत करत नाहीत.

चिपळूणचा_चिपवाला:
प्रॉक्सी (क्लिपांच्या हलक्या कॉप्या) बनवून एडिट केलं की रायझनवर पण लोण्यासारखं चालतं बरं का. उगाच घाबरवू नका.

एडिटटेबल:
चालतं की, कोण नाही म्हणतंय. पण एका लग्नाच्या तीन-चारशे क्लिपांच्या प्रॉक्सी बनवत बसायचं रात्रभर, आणि सीझनमधे दुसऱ्या दिवशी पुढचं लग्न. ४:२:० (रंगांची माहिती कमी) मधे शूट करत असते तर मीच ७६०० सांगितला असता.

लॅमिंग्टन_वारी:
दोन गोष्टी माझ्याकडून. प्रोसेसर बॉक्सवालाच घ्या, ट्रेवाला (बॉक्सशिवाय सुटा) स्वस्त देतात पण त्याची वॉरंटी दुकानदारच्या भरवशावर, बॉक्सवाल्याला कंपनीची ३ वर्षं. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या. दुसरं म्हणजे जळगावचा मे महिना! डब्यातल्या कूलरवर एक्सपोर्ट लावून झोपू नका, चांगला टॉवर कूलर टाका, आणि यूपीएस हवाच. १६ जीबी ४के ला कमी पडणार, ३२ करा, भाव चढलेत माहितीय पण तिथे काटकसर नको.

खान्देशी_लेन्स:
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. दुकानदाराला फोन केला, म्हणतो बिनाएफचा मागवून देतो पण चार दिवस लागतील, १४५०० चं विचारून सांगतो. अजून एक, ३२ जीबी घेताना १६ च्या दोन काड्या घेऊ की ३२ ची एकच, म्हणजे पुढे वाढवता येईल?

लॅमिंग्टन_वारी:
१६ च्या दोन. ड्युअल चॅनल मिळतं, म्हणजे दोन्ही काड्या एकदम चालून वेग वाढतो, इनबिल्ट ग्राफिक्स रॅमच वापरतं त्यामुळे तुम्हाला तर जास्तच फरक पडेल. बोर्ड चार स्लॉटचा बघा म्हणजे झालं.