मदत हवी आहे: लिनक्सवर कॉपी 'पूर्ण', पण पेनड्राइव्हवर सप्तपदी गायब

ठाण्यात नौपाड्याला माझा छोटा फोटो स्टुडिओ आहे. मशीनवर लिनक्स, रॅम १६ जीबी. परवा एका लग्नाचा १.८ जीबीचा अल्बम पेनड्राइव्हवर टाकला. दहा सेकंदांत पट्टी भरली. गिऱ्हाइकाला कर्जत लोकल गाठायची घाई, म्हणून पेनड्राइव्ह तसाच उपटून दिला. रात्री फोन आला: मुंडावळ्या बांधल्यापर्यंत फोटो दिसतात, पुढच्या फाइल उघडतच नाहीत!

शिवाय 'फ्री' कमांड मोकळी रॅम जेमतेम ६०० एमबी दाखवते, ११ जीबी 'बफ/कॅश'मध्ये. ओळखीतल्या एकाने ड्रॉप कॅशेस, म्हणजे कॅश रिकामी करणारी आज्ञा, दर दहा मिनिटांनी आपोआप चालवणारा क्रॉन (ठरल्या वेळी चालणारं काम) लावून दिला. तेव्हापासून अल्बम उघडायला उलट जास्तच वेळ लागतो. रॅम वाढवू का?

उत्तर (ऐरोलीकर):
दादा, पैसे वाचवा. आधी तो क्रॉन काढा. वाचलेली फाइल कर्नल (लिनक्सचा गाभा) ४ केबीच्या पानांत रॅममध्ये ठेवतो, तीच ही कॅश. पुन्हा मागितली की डिस्कपर्यंत जावंच लागत नाही. प्रोग्रामला जागा लागली की हीच पानं सोडतो. म्हणून त्या कमांडमधला 'फ्री'चा रकाना नको, 'अव्हेलेबल'चा बघा.

पेनड्राइव्हच्या भानगडीत मात्र क्रॉनचा हात नाही, तो फक्त डिस्कवर आधीच लिहून झालेली पानं रॅममधून काढतो. तुमची कॉपी आधी रॅममध्ये झाली. अशा न लिहिलेल्या पानांना 'डर्टी' म्हणतात. कर्नल दर ५ सेकंदांनी बघतो आणि ३० सेकंदांपेक्षा जुनी पानं लिहायला काढतो. उपलब्ध मेमरीच्या १०% डर्टी झाली की मागे लिखाण सुरू होतं, २०% ला कॉपी करणाऱ्यालाच थांबवतो. हे मूळ सेटिंग. तुमचा अल्बम त्यात सहज मावला. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबी लिहीत असेल तर तीन मिनिटं हवीत, तुम्ही दहा सेकंद दिलीत.

कॉपीनंतर 'सिंक' (उरलेली डर्टी पानं लिहून टाकणारी कमांड) मारा, मग अनमाउंट, म्हणजे पेनड्राइव्ह रीतसर सोडवा. तोवर हात लावू नका.

धागाकर्ता:
क्रॉन काढला. मेमइन्फोमधली (मेमरीचा हिशोब दाखवणारी फाइल) डर्टीची ओळ उतरताना बघितली, अनमाउंटला साडेतीन मिनिटं लागली! मूळ फोटो माझ्याकडे आहेत म्हणून वाचलो. पावसात वीज गेली तर एडिट केलेल्या फोटोंचंही हेच होणार का?

उत्तर (ऐरोलीकर):
सॉफ्टवेअरने सेव्ह करताना एफसिंक (ती फाइल लगेच डिस्कवर लिहायला लावणं) केलं नसेल तर शेवटच्या काही सेकंदांचं काम जाऊ शकतं. यूपीएस घ्या, रॅमपेक्षा तो कामाला येईल.