ॲनिमेटेड हॉरर : म्हणे चित्राला कोण घाबरतं!

रातकिडा
कालच्या धाग्यावर उगाच_एक यांनी फर्मावलंय की समोर चित्र आहे हे दिसत असताना मोठा माणूस घाबरूच शकत नाही, आणि स्वतंत्र ॲनिमेशनवाल्यांनाही हे माहीत असतं म्हणून ते शेवटी रक्त आणि आतडी ओततात. निमित्त होतं ती सावलीवाल्या बाईची आठ मिनिटांची शॉर्टफिल्म. तिथेच उत्तर द्यायला बसलो तर लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

अहो, चित्र आहे म्हणूनच तर तंतरते. लाइव्ह ॲक्शनमध्ये भुताला कितीही मेकअप थापा, आत एक नट आहे आणि पॅकअप झालं की तो घरी जाणार हे डोक्यात कुठेतरी असतंच. बाहुलीच्या आत कोणी नाहीच. मासाहिरो मोरी नावाच्या जपानी रोबोटतज्ज्ञाने १९७० मध्येच लिहून ठेवलंय की एखादी वस्तू माणसाच्या जवळ जाता जाता थोडक्यात चुकली की आपुलकी जाऊन शिसारी येते, आणि ती हलायला लागली की जास्तच. स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे बाहुली जराजराशी हलवून एकेक फोटो काढतात त्या ॲनिमेशनमध्ये, तर हे आयतंच मिळतं. प्रत्येक फ्रेमला बाहुली ठार स्थिर असते, हलणाऱ्या माणसाचा हात कॅमेऱ्यात जसा पुसट होतो तसा तिचा होत नाही, त्यामुळे ती जिवंत वाटते पण माणसासारखी जिवंत नाही. आता ही फिल्म हाताने काढलेली आहे, तिथे वेगळी गंमत. त्या बाईची सावली तिच्या मागून एक चित्र उशिरा हलते. हे दिसलं तरी का तुम्हाला, की आतड्यांचीच वाट बघत होतात?

उगाच_एक
माझ्यासाठी खास धागा काढलात, धन्य झालो. पण तुमचा मोरी तुमच्याच विरुद्ध जातोय. चार रेघांत काढलेली सपाट बाई माणसाच्या जवळ जातेच कुठे, मग 'थोडक्यात चुकणार' कशी? सावली एक चित्र उशिरा म्हणजे सेकंदाचा बारावा भाग. तो पकडायला प्रेक्षकाने स्टॉपवॉच घेऊन बसायचं का? शेवटची दोन मिनिटं मात्र सगळ्यांना दिसली. जो दिग्दर्शक सहा मिनिटं सावलीच्या जोरावर काढतो त्याला शेवटी खाटीकखाना का उघडावा लागतो, एवढंच विचारलं होतं.

वटवाघूळ
उगाच_एक +१. आणि जी काय भीती वाटते ती आवाजाची. म्यूट करून बघा, निम्मी हॉरर ॲनिमेशन्स विनोदी वाटतील. शांत शांत शांत आणि मग कानात किंचाळी, याला मी भीती मानत नाही, हा कानावर हल्ला आहे. हेडफोनवाल्यांचा कुणी विचार करतं का?

बारा_फ्रेम
आतडी ओततात म्हणे! आतडी काढायला किती वेळ लागतो कल्पना आहे का? मी स्वतः हेच करतो, नोकरी सांभाळून, रात्री. सेकंदाला चोवीस फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी बारा चित्रं, आठ मिनिटांची ५,७६०, आणि रक्ताचा प्रत्येक ओघळ प्रत्येक चित्रात पुन्हा काढायचा. स्वस्तात घाबरवायचं असेल तर अंधार ठेवतात आणि आवाज टाकतात, आतडी हा सगळ्यात महाग पर्याय आहे साहेब. आणि एवढं करून मिळतं काय? एका फेस्टिव्हलने माझी फिल्म सकाळी बालविभागात लावली!! अर्जावर 'प्रौढांसाठी' लिहिलेलं, सारांशात प्रेत हा शब्द होता, पण ॲनिमेशन म्हटल्यावर कुणी वाचलंच नसावं. तिसऱ्या मिनिटाला पालक पोरांचे डोळे झाकून बाहेर, आणि नंतर आयोजक मलाच विचारतात की आधी सांगायचं ना.

कोरी_पाटी
बारा_फ्रेम, त्या पालकांच्या बाजूने बोलते. माझ्या मुलीला मी असंच एक लावून दिलं होतं, सुरुवातीला छान लोकरीच्या बाहुल्या, गाणंबिणं, आणि मधेच एकीने दुसरीचे डोळे उसवले. कित्येक रात्री पोरगी दिवा लावून झोपली. तुम्हा लोकांना गोंडसपणाचं आमिष लावायला मजा येते आणि भोगतो आम्ही.

शाईचा_डाग
न बघता लावून दिलंत आणि दोष बनवणाऱ्याचा? ॲनिमेशन म्हणजे पोरांना गप्प बसवायचं यंत्र ही समजूत तुमची आहे, त्यांची नाही. १९५३ साली एडगर ॲलन पो या लेखकाच्या भयकथेवरच्या 'द टेल-टेल हार्ट' या छोट्या ॲनिमेशनला ब्रिटिश सेन्सॉरने एक्स सर्टिफिकेट दिलं होतं, म्हणजे फक्त मोठ्यांसाठी. सत्तर वर्षं उलटली तरी आपण अजून 'अय्या, कार्टूनमध्ये खून?' इथेच आहोत.

कोरी_पाटी
सर्टिफिकेट दिलं होतं ना? मग तेच तर म्हणतेय! थिएटरात दारावर कुणीतरी अडवत होतं. आता दार कुठाय? आणि 'गप्प बसवायचं यंत्र' वगैरे भाषा तुमच्याकडेच ठेवा, मूल सांभाळून दाखवा मग बोला.

शाईचा_डाग
दोन आहेत. सांभाळतो. आधी स्वतः बघतो.

कोरी_पाटी
वा, सत्कार करूया तुमचा.

मूषक
अवांतर : ब्राउझरमध्ये ॲनिमेशन चालवणाऱ्या फ्लॅशच्या जमान्यात हा प्रश्नच नव्हता. एकटा माणूस घरी बसून भयानक काहीतरी बनवायचा, आपण मुद्दाम शोधून बघायचो. ३१ डिसेंबर २०२० ला ॲडोबीने फ्लॅश प्लेअरचा सपोर्ट काढला आणि तो सगळा माल ब्राउझरमधून गेला. त्यावर कुणी धागा काढत नाही.

बारा_फ्रेम
मूषक, तुम्ही काढा की. कोरी_पाटी, आमिषाबद्दल : लोकर भीतीसाठीच निवडतात हो. लोकर उसवते, त्यातून रक्त येत नाही, तरी पोटात कालवतं. म्हणजे मोठ्यांच्या पोटात. मुलांसाठी केलेलं नसतंच ते. पण हे मान्य की पहिल्या चौकटीतच 'मोठ्यांसाठी' असं ठसठशीत टाकायला हवं. बरेच जण टाकत नाहीत कारण त्याने पुढचा धक्का फुकट जातो. मीही टाकत नाही.

कोरी_पाटी
मग फेस्टिव्हलला कशाला शिव्या घालताय?

बारा_फ्रेम
अर्जावर लिहिलं होतं म्हणालो ना!! अर्ज वेगळा, फिल्म वेगळी.

रातकिडा
धागा भीतीबद्दल होता, बालसंगोपनाबद्दल नाही. उगाच_एक कुठे गायब? वटवाघूळ, तुमच्या सल्ल्याने फिल्म म्यूट करून बघितली. सावली तशीच अंगावर येते.

वटवाघूळ
तुम्हाला माहीत होतं ती उशिरा हलते. ज्याला माहीत नाही अशा कुणाला तरी दाखवा, मग बोलू.

उगाच_एक
आहे इथेच, पालकसभा संपायची वाट बघत होतो. तुमच्या समाधानासाठी फिल्म परत बघितली. जिन्यावर ती बाई थांबते आणि सावली आणखी एक पायरी उतरते, ते बरं जमलंय. बरं म्हणतोय, मोरीला फोन लावू नका. पण त्यामुळे माझा मुद्दा अजूनच पक्का झाला. एवढी पायरी हातात असताना पुढची दोन मिनिटं वाया घालवली. बारा_फ्रेम यांच्या हिशोबाने १,४४० चित्रं. एवढ्या कष्टात त्या सावलीला अख्खा जिना उतरवला असता.

बारा_फ्रेम
जिना काढणं आतड्यांपेक्षा अवघड असतं. पर्स्पेक्टिव्ह.

उगाच_एक
म्हणजे कष्ट वाचवायला आतडी घातली! मघाशी सगळ्यात महाग पर्याय होता ना?

बारा_फ्रेम
ती फिल्म माझी नाहीये हो!